पाऊस नाही, तरी डेंग्यू: डासांच्या गणितामागची गोष्ट

20 ऑगस्ट 1897 रोजी ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत ॲनोफिलिस डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. मराठवाडा तेव्हा त्याच निजामी राज्यात होता. पुढे रॉस गणिताकडे वळले. सगळे डास मारण्याची गरज नाही, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी साथ ओसरते, हे त्यांनी समीकरणांतून दाखवलं. त्या समीकरणांत हवामान मात्र नव्हतं.

हवामानाचा धागा पकडला गेला पंजाबात. तिथल्या 1908 च्या भीषण साथीचा अभ्यास करताना हिवतापाचे अभ्यासक क्रिस्टोफर्स यांनी पावसासोबत धान्याचे भावही तपासले, कारण उपाशी गावात हिवताप जास्त बळी घेत होता. त्याच अभ्यासाच्या आधारावर 1920 च्या दशकात तिथे साथीचे अंदाज दिले जाऊ लागले. भुकेचा हा धागा साथीचा अंदाज बांधणाऱ्या नंतरच्या बऱ्याच गणिती मॉडेलांतून सुटला, याची खंत वाटते.

तापमानाचा हिशोब सोपा आहे. फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या हिवतापाचा परजीवी 16 अंशांखाली डासाच्या अंगात वाढत नाही. त्यावरचे रोजचे अंश जोडत जायचे. बेरीज 111 झाली की डास रोग पसरवू शकतो. म्हणजे 20 अंशांना 28 दिवस आणि 25 अंशांना जेमतेम बारा-तेरा. इतके दिवस डास जगायलाही हवा. 1950 च्या दशकात रॉस यांची समीकरणं पुढे नेणाऱ्या मॅकडोनाल्ड यांनी नेमकं डासाच्या आयुष्यावरच बोट ठेवलं होतं. ऊन जितकं जास्त तितका रोग जास्त, असंही नाही. 2013 च्या एका अभ्यासाने हिवतापासाठी सर्वांत अनुकूल तापमान 31 वरून 25 अंशांवर आणलं. डेंग्यूच्या डासाला 29 च्या आसपासचं मानवतं.

पुढे संगणक आले आणि रोजचं तापमान, दहा-दहा दिवसांचा पाऊस घालून मॉडेलं चालू लागली. आपल्याकडे अडचण इथेच येते. पुण्यातल्या डेंग्यूच्या अभ्यासात आठवड्याला 150 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की धोका घटलेला दिसला, कारण अळ्या वाहून जातात. लातूरच्या स्वयंपाकघरातला रांजण कुठला पाऊस धुणार?

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा दिवसांत घरोघरी टिपाडं, हौद, हंडे भरून ठेवलेले असतात. पर्जन्यमापक शून्य दाखवतो आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला घरातच स्वच्छ पाणी मिळतं. बाहेर पारा 42 वर असताना रांजणाशेजारचा कोपरा थंड आणि ओलसर असतो. वेधशाळेच्या आकड्यात तो कोपरा कधीच येत नाही. पाणी संपलं तरी भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी महिनोन् महिने तग धरतात. भांडं नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं.

1993 मध्ये फोक्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या एडिस डासाच्या मॉडेलात प्रत्येक प्रकारच्या भांड्यातल्या पाण्याची पातळी धरली होती, माणसाने हाताने भरलेलं पाणीसुद्धा. माझ्या मते मराठवाड्याने याच वाटेने जायला हवं. उष्ण दिवसांत एडिसला अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात, आणि नळाला पाणीही अनेक ठिकाणी तितक्याच दिवसांनी येतं. नगरपालिकेकडे पाणी सोडण्याचं वेळापत्रक असतं आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या वहीत अळ्या सापडलेल्या भांड्यांची नोंद असते. या दोन्ही नोंदी पावसाच्या आकड्यांशेजारी मॉडेलात बसवता येतात.