टीडीएस मीटरला न दिसणारं नायट्रेट

सोलापूर जिल्ह्यात बोअरचं पाणी कसं आहे असं विचारलं, की लोक हल्ली टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा सांगतात. पेनाएवढा मीटर ग्लासात बुडवला की झालं! हा मीटर खरं तर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज बांधतो. कुठला क्षार किती, हे त्याला कळत नाही.

आपल्याकडचं भूजल जड असतं, कारण खाली सगळा बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. तो झिजताना कॅल्शियम-मॅग्नेशियम पाण्यात उतरतं, आणि जेमतेम पावसामुळे ते धुऊनही जात नाही. मग डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. प्रयोगशाळेत जडपणा मोजताना नमुन्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचा आकडा) १० करून एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा सूचक टाकतात. पाणी सांगोल्याच्या डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचनळीतून, थेंब थेंब ईडीटीए नावाचं रसायन सोडायचं. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतं आणि सगळं धरून झालं, की लाल पाणी निळं होतं. किती मिलिलिटर ईडीटीए लागलं, त्यावरून जडपणा काढतात. आयएस १०५०० या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे; दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

जड पाण्याचा आपण उगाच धसका घेतो. त्रास होतो तो जास्त करून भांड्यांना. भ्यायचंच असेल तर पाण्यात विरघळणाऱ्या नायट्रेट या नायट्रोजनच्या क्षाराला भ्यावं. त्याला रंग, वास, चव काहीच नाही. उसाला टाकलेला युरिया, गोठ्यातलं मूत, शोषखड्डे अशा वाटांनी ते विहिरी-बोअरमध्ये उतरतं. मानकात मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि इथे सवलत नाही. अशा पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध तान्ह्या बाळाला पाजलं, तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटू शकते आणि बाळ निळसर पडतं. पाणी उकळलं तर उलट वाईट: वाफ उडते, नायट्रेट मागे उरतं. आणि टीडीएस ८०० असलेल्या पाण्यात नायट्रेट १० आहे की ९०, हे मीटर सांगू शकत नाही.

प्रयोगशाळेत ते अतिनील प्रकाशाने मोजता येतं. नायट्रेट २२० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतं. सेंद्रिय पदार्थही तो शोषतात, म्हणून २७५ नॅनोमीटरला दुसरं मोजमाप घेऊन त्यांचा वाटा वजा करतात. पण नमुनाच नीट घेतला नसेल तर यंत्र काय करणार? हातपंप आधी काही मिनिटं चालवून साठलेलं पाणी काढून टाकायचं, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, आणि नायट्रेटसाठीचा नमुना बर्फात ठेवून लवकर पोचवायचा. उन्हात एसटीच्या टपावर दिवसभर तापलेल्या बाटलीतले जिवाणू नायट्रेटचा आकडाच बदलून टाकतात. पावसाळ्याआधी आणि नंतर असे दोन नमुने घ्यावेत, कारण शेतातलं नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतं.

आकडा ४५ च्या वर आला तर तुरटी किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा उपयोग नाही. आरओने नायट्रेट कमी होतं, पण बरंच पाणी वाया जातं, आणि आपल्याकडे तेच परवडत नाही. गावाला दुसरा कमी नायट्रेटचा स्रोत असेल, तर दोन्हीचं पाणी टाकीत मिसळणं हा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग. ६० च्या बोअरमध्ये २० चं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की ४० होतं; मात्र मिसळल्यावर टाकीतला नमुना पुन्हा तपासायला द्यावा.