कू ची भुयारे

व्हिएतनाममधील हो ची मिन्ह शहराच्या (पूर्वीचे सायगाव) वायव्येस कू ची परिसरात असलेले युद्धकालीन भुयारांचे जाळे. शहरातून सकाळी निघून त्याच दिवशी परतता येते. लोकांसाठी दोन भाग खुले आहेत : बेन दिन्ह (सुमारे ५० किमी.) व सायगाव नदीजवळचे बेन डुओक (सुमारे ७० किमी.).

उगम : खोदकामाची सुरुवात फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यात, १९४० च्या दशकाच्या अखेरीस झाली. बहुतेक संदर्भ १९४८ हे वर्ष आणि तान फू त्रुंग व फुओक विन्ह आन ही गावे सांगतात. मात्र आरंभीचे खड्डे माणूस, कागदपत्रे किंवा शस्त्रे लपवण्यापुरते व एकाच तोंडाचे होते. तोंड सापडले की आतला माणूस हाती लागे. म्हणून खड्डा खड्ड्याला, पुढे घर घराला आणि गाव गावाला जोडले गेले. त्यामुळे हे जाळे एका आराखड्याबरहुकूम खणले गेले असे मानण्यापेक्षा ते गरजेनुसार वाढत गेले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मोठा विस्तार १९६० च्या दशकातला, अमेरिकेविरुद्धच्या युद्धात व्हिएत काँग या कम्युनिस्ट गनिमांनी केलेला. एकूण लांबी सामान्यतः २५० किमी. दिली जाते; काही ठिकाणी ती २०० किमी. आढळते.

रचना : येथील माती जांभ्याच्या जातीची, लोहयुक्त व चिकण आहे. ओली असताना ती खणता येते, वाळली की दगडासारखी घट्ट होते. त्यामुळे लाकडी टेकूंविना छत तगून राही. आखूड दांड्याची कुदळ व बांबूची टोपली एवढ्यावर काम चाले. ठरावीक अंतरावर विहिरीसारखे खड्डे घेऊन दोन्हीकडून एकमेकांच्या दिशेने खणत. निघालेली ताजी माती विमानातून नजरेस पडण्याचा धोका असे; ती बाँबच्या खड्ड्यांत, नदीत किंवा भातखाचरांत पसरून टाकत. वरचा मजला जमिनीखाली ३–४ मी., मधला सुमारे ६ मी. व तळचा ८–१० मी. खोल असे. मजल्यांमध्ये झडपा आणि काही ठिकाणी पाण्याने भरलेली इंग्रजी ‘यू’ आकाराची वळणे ठेवलेली होती. पाण्यामुळे विषारी वायू पुढे सरकत नसे. माणसाला मात्र बुडी मारून पलीकडे जावे लागे.

हवेची छिद्रे तिरकी पाडून वारुळांत किंवा झुडपांत लपवत. शोधक कुत्र्यांना चकवण्यासाठी तेथे मिरपूड टाकत. शिंकणाऱ्या कुत्र्यामुळेच जागा उघड होऊ लागल्यावर अमेरिकन साबण व गणवेशाचे तुकडे ठेवू लागले, असे सांगतात. स्वयंपाकासाठी होआंग काम चूल वापरत. तिचा धूर फांद्या व मातीने झाकलेल्या लांब चरांतून फिरवला जाई, वाटेत निवे आणि दूरवर विरळ होऊन बाहेर पडे. चूल शक्यतो पहाटे, धुक्याच्या वेळी पेटवत.

लष्करी मोहिमा : जानेवारी १९६६ मधील ‘क्रिंप’ मोहिमेत सुमारे ८,००० अमेरिकन व ऑस्ट्रेलियन सैनिक उतरले. ऑस्ट्रेलियन अभियंत्यांनी पंख्याने धूर आत सोडून इतर तोंडे हुडकली व भुयारांत उतरून शोध घेतला. त्यांच्यातला एक कॉर्पोरल अरुंद झडपेतून पलीकडे जाण्याच्या प्रयत्नात गुदमरून मरण पावला. जानेवारी १९६७ मध्ये सायगाव नदीपलीकडील ‘लोह त्रिकोण’ या गनिमांच्या बालेकिल्ल्यात ‘सीडर फॉल्स’ मोहीम झाली. तीत सुमारे ३०,००० सैनिक होते. दशकाच्या अखेरीस बी–५२ विमानांच्या बाँबवर्षावाने बरेच भाग कोसळले. आतल्या लोकांचे बळी मलेरियानेही मोठ्या प्रमाणावर घेतले, आणि ही बाजू मोहिमांच्या वर्णनात फारच थोडी येते.

भेट : बेन दिन्ह जवळचे, म्हणून तेथे गर्दी अधिक, बेन डुओक ऐसपैस असून तेथील स्मृतिमंदिरात ४४ हजारांहून अधिक मृतांची नावे कोरली आहेत. पर्यटकांसाठीचा मार्ग मुद्दाम रुंद केलेला आहे. तरीही कमरेत वाकून, काही ठिकाणी रांगत जावे लागते. मधूनमधून बाहेर पडण्याच्या वाटा आहेत. दमा, हृदयविकार, गुडघेदुखी किंवा कोंडलेल्या जागेची भीती असल्यास आत उतरू नये. रांगेच्या मधोमध कोणी थबकले तर मागच्यांना वळता येत नाही, म्हणून पुढचा माणूस थोडा लांब गेल्यावरच शिरावे. पूर्ण लांबीची विजार व डासांचे मलम असावे. आवारात गोळीबाराचे मैदान असून आवाज कानठळ्या बसवणारा आहे. लहान मुलांना त्यापासून दूर ठेवावे. शेवटी उकडलेला टॅपिओका, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, शेंगदाण्याचे कूट, तीळ व मीठ यांबरोबर खायला देतात; भुयारांतले रोजचे अन्न बहुतांशी हेच होते.