जीप कंपास फोर बाय ई

जीप कंपास फोर बाय ई : इटलीच्या दक्षिणेकडील मेल्फी येथील कारखान्यात २०२० पासून तयार झालेली, लहान आकाराची प्लग-इन हायब्रीड (पेट्रोलवर आणि बाहेरून प्लग लावून भरता येणाऱ्या बॅटरीवर चालणारी) क्रॉसओव्हर मोटारगाडी. पुढची चाके पेट्रोल इंजिनावर आणि मागची चाके विजेच्या मोटरवर चालतात आणि दोन्हींना जोडणारा लोखंडी दांडा गाडीत नाही, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य. मार्च २०१९ मध्ये जिनिव्हाच्या वाहन प्रदर्शनात ती पहिल्यांदा मांडण्यात आली. नावातील ‘ई’ विजेसाठी आहे.

क्रॉसओव्हर म्हणजे दिसायला उंच, रांगडी, पण बांधणीने साधी मोटार. जुन्या जीपमध्ये खाली जड पोलादी चौकट आणि तिच्यावर बसवलेले धड, असे दोन वेगळे भाग असत. क्रॉसओव्हरमध्ये सगळे मिळून एकच कवच असते. मराठीत ‘जीप’ हा शब्द मुळात त्या जुन्या गाडीवरून रुळला. महिंद्रने १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्यानंतर तालुक्याच्या गावी आलेली कोणतीही उंच, उघडी गाडी लोकांसाठी जीपच झाली. कंपासचे त्या गाडीशी नाते नावापुरते आणि पुढच्या सात उभ्या फटींपुरते आहे. खराब रस्त्यावर चारही चाकांनी ओढण्याची अपेक्षा मात्र तिच्याकडूनही केली जाते.

कंपासची दुसरी पिढी २०१६ मध्ये ब्राझीलमध्ये आली आणि पुढे मेक्सिको, चीन व भारतातही तिचे उत्पादन सुरू झाले. भारतातील कारखाना पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तिथून २०१७ मध्ये ही गाडी भारतीय बाजारात उतरली आणि उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाड्या जपान व ऑस्ट्रेलियालाही रवाना झाल्या. गाडीची लांबी सुमारे ४.४ मीटर, तर पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २,६३६ मिलिमीटर. रांजणगावची कंपास आणि मेल्फीची फोर बाय ई बाहेरून सख्ख्या बहिणी वाटतात. फरक कळायला गाडीखाली डोकवावे लागते.

रांजणगावच्या फोर बाय फोर गाडीत दोन लिटरचे डिझेल इंजिन आहे. त्याची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेण्यासाठी पुढून मागे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे फिरणारा लांब दांडा, जातो. फोर बाय ईमध्ये हा शाफ्ट काढून टाकला आहे. पुढे १.३ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन व सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या धुरीवर सुमारे ६० अश्वशक्तीची मोटर, आणि मागच्या बाकाखाली ११.४ किलोवॅट-तासांची लिथियम-आयन बॅटरी, अशी मांडणी आहे. इंजिन १३० किंवा १८० अश्वशक्तीचे असते, त्यामुळे एकूण आकडा १९० किंवा २४० होतो. पण या गाडीत आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे ती मागच्या मोटरची ओढ. तिचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन-मीटर आहे आणि विजेच्या मोटरच्या स्वभावाप्रमाणे तो चाक फिरू लागताच मिळतो. इंजिनाला रेस द्यावी लागत नाही, क्लच घसरवावा लागत नाही. चिखलात किंवा दगडगोट्यांच्या चढावर गाडी इंचाइंचाने काढायची असते तेव्हा नेमके हेच हवे असते.

यावर स्वाभाविक शंका येते : बॅटरी संपली तर मागची चाके नुसती फरपटत जाणार का? इथे अभियंत्यांचे खरे कौशल्य दिसते. पुढच्या इंजिनाला पट्ट्याने जोडलेली आणखी एक विद्युत मोटर आहे. ती इंजिन सुरू करते आणि गरज पडली की जनित्र होऊन उच्च दाबाची वीज तयार करते. बॅटरी खाली उतरली तरी इंजिन हे जनित्र फिरवते, वीज तारेतून मागच्या मोटरकडे जाते आणि मागची चाके फिरत राहतात. शाफ्टचे काम तार करते. यांत्रिक जोड नसल्याने पुढच्या व मागच्या चाकांची ताकद एकमेकांपासून स्वतंत्रपणे आणि फार चटकन बदलता येते. या आकाराच्या गाडीत इतका नेटका उपाय क्वचितच आढळतो.

चालकाला तीन पद्धती निवडता येतात. ‘हायब्रीड’मध्ये इंजिन केव्हा लावायचे ते गाडी ठरवते. ‘इलेक्ट्रिक’मध्ये युरोपीय चाचणीनुसार सुमारे ५० किलोमीटर केवळ विजेवर जाता येते आणि ताशी १३० किलोमीटरपर्यंत वेग गाठता येतो. पुण्याहून महागणपतीच्या दर्शनाला रांजणगावपर्यंत एका बाजूने जावे, साधारण इतके हे अंतर. ‘ई-सेव्ह’मध्ये बॅटरीतील वीज पुढच्या वापरासाठी राखून ठेवली जाते किंवा इंजिनावर बॅटरी भरून घेतली जाते. महामार्गाचा टप्पा पेट्रोलवर काढायचा आणि शहरात शिरल्यावर विजेवर यायचे, असा तिचा हेतू. वाहनांवर निर्बंध असलेली जुनी शहरे इटलीत बरीच आहेत आणि तिथे ही सोय कामाला येते. जमिनीच्या प्रकारानुसार बर्फ, वाळू-चिखल अशा वेगळ्या मांडण्या आहेत आणि ट्रेलहॉक या अधिक दणकट प्रकारात खडकासाठीही एक आहे.

चार्जिंगसाठी भिंतीवर बसवलेला ७.४ किलोवॅटचा संच असेल तर पावणेदोन तासांच्या आत बॅटरी भरते. घरातील साध्या प्लगवर रात्र लागते. ब्रेक लावताना व उतारावर मागची मोटर थोडी वीज परत मिळवते, पण तेवढ्यावर बॅटरी भरत नाही.

‘हायब्रीड’ या एकाच शब्दाखाली भारतात वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, त्यामुळे गोंधळ होतो. टोयोटा हायरायडरसारख्या आपल्याकडच्या ‘स्ट्राँग हायब्रीड’ गाडीची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासांची असते आणि तिला बाहेरून प्लग लावताच येत नाही. त्या गाडीची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलच्या टाकीतूनच येते. फोर बाय ईची बॅटरी तिच्या पंधरा पट आहे आणि ती भिंतीवरच्या विजेवर भरते. एवढ्या बॅटरीला जागा करून देताना पेट्रोलची टाकी ३६.५ लिटरवर आली आणि डिकीही थोडी घटून ४२० लिटर राहिली. लांबच्या प्रवासात त्यामुळे पंपावर जास्त वेळा थांबावे लागते.

ही गाडी २०२० मध्येच का आली, याचे उत्तर युरोपच्या कायद्यात आहे. त्या वर्षापासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींसाठी किलोमीटरमागे सरासरी ९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची मर्यादा लागू झाली. ती ओलांडली की कंपनीला प्रत्येक गाडीमागे दंड. किलोमीटरमागे ५० ग्रॅमच्या आत राहणारी गाडी मात्र २०२० च्या हिशेबात दोन गाड्यांइतकी धरली जाणार होती. मोठ्या गाड्या विकणाऱ्या जीपला ही सवलत फार मोलाची होती. तिची त्या वेळची मालक फियाट क्रायस्लर तर मर्यादा गाठण्यासाठी टेस्लाला पैसे देऊन तिच्या विजेच्या गाड्या आपल्या सरासरीत मोजून घेत होती. कंपास फोर बाय ई या ५० ग्रॅमच्या रेषेच्या आत बसवण्यात आली.

प्लग-इन हायब्रीडवरचा सर्वांत गंभीर आक्षेपही इथेच उभा राहतो. चाचणीतला कमी आकडा एका गृहीतकावर उभा असतो : मालक गाडी नियमित चार्ज करील आणि बरेचसे अंतर विजेवर कापील. गाड्यांमधील मापकांनी नोंदवलेल्या प्रत्यक्ष इंधनवापरावरून युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या प्लग-इन हायब्रीड गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीतील आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघाले. हा निष्कर्ष साऱ्या प्रकाराबद्दल आहे, एकट्या कंपासबद्दल नाही. पण कंपासलाही तो तितकाच लागू पडतो, कारण तिला चार्ज न करता चालवायला कोणी मनाई करत नाही आणि त्या अवस्थेत ती जड बॅटरी वाहून नेणारी पेट्रोल गाडी उरते. २०२५ पासून नव्या मॉडेलांच्या चाचणीतले हे गृहीतक कडक करण्यात आले आणि कागदावरचे आकडे वर गेले. माझ्या मते हा बदल उशिरा झाला. गाडीचे तंत्र प्रामाणिक आहे, चूक तिचे मोजमाप ठरवणाऱ्यांची होती.

भारतात फोर बाय ई विक्रीला आली नाही. इथली करआकारणीही अशा गाडीला पोषक नाही : २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांनुसार पूर्ण विजेच्या गाडीवर ५ टक्के जीएसटी लागतो, तर चार मीटरपेक्षा लांब हायब्रीडवर ४० टक्के. प्लग लावून चालणारी गाडी या हिशेबात डिझेल एसयूव्हीच्या रांगेत बसते.

कंपासची तिसरी पिढी मे २०२५ मध्ये जाहीर झाली. तीही मेल्फीचीच, पण सुमारे १५ सेंटिमीटर लांब आणि जीपची आताची मालक असलेल्या स्टेलांटिस समूहाच्या नव्या सांगाड्यावर बांधलेली. तिच्यातही १९५ अश्वशक्तीचा प्लग-इन हायब्रीड पर्याय आहे, मात्र त्यात इंजिन आणि मोटर दोन्ही पुढच्या चाकांनाच फिरवतात. मागच्या धुरीवरची स्वतंत्र मोटर आता केवळ विजेवर चालणाऱ्या ३७५ अश्वशक्तीच्या प्रकारात मिळते.