कॅम्परचा ऑक्सिजन सेन्सर सारखा सारखा जातोय? तिसरा विकत घ्यायच्या आधी हे वाचा

ईको किंवा तसल्या पेट्रोल व्हॅनवर कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली गाडी) बांधून फिरणारे बरेच जण आमच्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. चेक इंजिन लाइट लागला, कुणीतरी स्कॅनर लावून ऑक्सिजन सेन्सर गेलाय सांगितलं, नवीन टाकला, कोकणात एक ट्रिप झाली आणि लाइट परत हजर. चांगला सेन्सर लाखभर किलोमीटर आरामात चालतो. तो काही महिन्यांत परत गेला म्हणजे त्याला मारणारं काहीतरी गाडीत बसलंय आणि ते सापडेपर्यंत पुढचा सेन्सर घेऊ नका, आमच्याकडूनसुद्धा नको.

बीएस-६ पेट्रोल गाडीत सेन्सर दोन असतात, एक कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी आणि एक नंतर. पहिला धुरातला ऑक्सिजन बघून साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली होत राहतो, त्यावरून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमीजास्त करतो. सेन्सर ३०० डिग्रीच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही म्हणून आत छोटा हीटर दिलेला असतो, आणि हा हीटरच जास्त वेळा जातो.

म्हणून स्कॅनरवाल्याला कोड नंबर विचारा, नुसतं "सेन्सर गेला" ऐकून घेऊ नका. पी०१३५ किंवा पी०१४१ असेल तर हीटरच्या सर्किटची तक्रार आहे, तिथं आधी फ्यूज, वायर, कपलर (वायरींचा जोड) आणि बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर बघायची. कॅम्परमध्ये दुसरी बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर असं सगळं नंतर जोडलेलं असतं, त्याची अर्थिंग कुठल्यातरी गंजलेल्या बोल्टवर मारलेली असते आणि वायर सायलेन्सरला टेकून वितळलेली असते. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा, १५ व्होल्टच्या वर दिसलं तर चार्जिंगच जास्त होतंय, अशा गाडीत कितीही भारी सेन्सर टाका, हीटर टिकणार नाही.

पी०१३१ किंवा पी०१७१ आला तर मिक्श्चर लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, दिसतंय एवढंच कळतं. सेन्सर कदाचित खरंच बोलत असेल, किंवा त्याच्या आधी कुठंतरी सायलेन्सर लीक असेल. लीकमधून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीएम उगाच पेट्रोल वाढवतो आणि मग काजळीनं सेन्सरही जातो आणि कॅटही, जो सेन्सरच्या कितीतरी पट महाग आहे. समुद्रकाठी राहणाऱ्या गाड्यांच्या सायलेन्सरचे फ्लँज (पाइपाचे जोड) आणि बोल्ट खाऱ्या हवेनं लवकर सडतात, त्यामुळे कोकण-गोव्याच्या गाडीत आम्ही सुरुवातच तिथून करतो. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर टिकटिक किंवा फुसफुस आवाज येतो का ऐका, गरम झाल्यावर फट मिटते आणि आवाज दबतो.

आणि हे लीक फक्त सेन्सरचा प्रश्न नाहीये. तुम्ही त्याच फ्लोअरवर पोराबाळांना घेऊन झोपता. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, फ्लोअरला टाकीच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकातून तो आत येतो. झोपताना एसीसाठी इंजिन चालू ठेवूच नका आणि आत सीओ अलार्म बसवा, साधा धुराचा अलार्म यासाठी चालत नाही.

बॉडी बांधतानाच्या काही गोष्टी सेन्सर हमखास खातात. पाण्याच्या टाकीला जागा करायला सायलेन्सर वळवला आणि सेन्सर आडवा किंवा पाइपाच्या खालच्या बाजूनं बसवला तर पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर येतं आणि ते तडकतं. सेन्सरचं टोक पाइपात वरून खाली उतरलं पाहिजे, आडव्यापेक्षा निदान १० डिग्री तिरकं. सिंकचा ड्रेन पाइप नेमका सेन्सरवर ठिबकतोय असंही असू शकतं, म्हणून खाली वाकून एकदा बघाच. वेल्डिंग करायचं असेल तर सेन्सर काढून आणि बॅटरीची वायर सोडून करायचं.

काढलेला सेन्सर फेकू नका, त्याच्या टोकावरून खूप कळतं. काळी कोरडी काजळी म्हणजे मिक्श्चर रिच, पेट्रोल जास्त. तेलकट तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरट खरखरीत थर असेल तर बहुतेक सिलिकॉन, कुणीतरी इंजिनला गॅस्केटऐवजी साधं सिलिकॉन भरपूर चोपडलेलं असतं, त्याची वाफ इनटेकमधून जाऊन सेन्सर कायमचा बाद करते. सेन्सर-सेफ लिहिलेलंच वापरायला सांगा. कूलंट जळत असेल तरी पांढरा थर येतो, तेव्हा कूलंटची लेव्हल कमी होतेय का बघा. लालसर थर असेल तर बाटलीतलं ऑक्टेन बूस्टर बंद करा. ई-२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) बरेच जण खापर फोडतात, पण इथेनॉलचा असा थर सेन्सरवर बसत नाही.

नवीन बसवताना सोबत आलेली पेस्ट फक्त आट्यांना लागू द्या, टोकाला नाही. वायर तोडून सोल्डर करू नका, बऱ्याच सेन्सरला बाहेरची हवा वायरच्या आतूनच मिळते. कपलरमध्ये ग्रीस भरू नका, तेही त्याच कारणानं. डुप्लिकेट सेन्सर स्वस्त पडतो पण त्याचा हीटर गाडीला जुळेलच असं नाही.

डिझेल ट्रॅव्हलरवाल्यांनो, तुमच्या बीएस-६ गाडीत नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड) सेन्सर, धूर साफ करायला युरिया असा वेगळा प्रकार असतो, वरचं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही.

गाडी आणताना इंजिन गार असू द्या, आदल्या रात्री लावून गेलात तर सगळ्यात बरं. कोड पुसून आणू नका आणि आधीचे काढलेले सेन्सर पिशवीत घालून सोबत आणा.