ध्यास आणि जिव्हाळा: झोप दोन्हीकडे उडते

फेब्रुवारी आला की तालुक्याच्या कॉलेजात एक व्याख्यान ठरलेलं असतं: 'आकर्षण की प्रेम?' फळ्यावर मधोमध रेघ. डावीकडे आकर्षण, म्हणजे शरीर, चार दिवसांचं, वाईट. उजवीकडे प्रेम, म्हणजे मन, जन्माचं, पवित्र. पोरं टाळ्या वाजवतात आणि आली होती तितकीच गोंधळलेली घरी जातात. मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे नंतर शंका माझ्याकडे येतात. ती रेघच चुकीच्या जागी मारली आहे, हे दरवर्षी नव्यानं सांगायचा आता कंटाळा आला.

आकर्षण दोन्हीकडे असतं. वीस वर्षं संसार केलेल्या नवराबायकोतही असतं, फक्त ते चारचौघांत दाखवत नाहीत. वयाचा निकषही कामाचा नाही. सोळाव्या वर्षी लागतं ते खूळ पंचेचाळिसाव्या वर्षीही लागतं, आणि तेव्हा सोयऱ्याधायऱ्यांत जास्त गाजतं. किती टिकलं यावरूनही काही ठरत नाही, कारण एकतर्फी खूळ वर्षानुवर्षं राहू शकतं. पहिल्या नजरेत झालं की हळूहळू, हा प्रश्न तर सोडूनच द्या.

खरी गल्लत होते ती ध्यास आणि जिव्हाळा यांच्यात.

ध्यास काय असतो ते फार सांगायला नको, तो सगळ्यांना ठाऊक आहे. डोरोथी टेनोव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी शेकडो लोकांना बोलतं करून त्याला 'लिमरन्स' असं नाव दिलं आणि १९७९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. नको तेव्हा येणारे विचार, त्या माणसाचे दोष न दिसणं, त्याच्या प्रत्येक हालचालीत आपल्यासाठी काही खूण शोधणं, आणि या सगळ्याच्या बुडाशी एकच भूक: त्यालाही आपण तसेच हवे असावे.

जिव्हाळ्याला मानसशास्त्रज्ञ इलेन हॅटफिल्ड यांच्या मांडणीत सोबतीचं प्रेम म्हणतात. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ साली असं मांडलं की मोठ्या माणसाचा जोडीदाराशी असलेला बंध हा तान्ह्या लेकराच्या आईशी असलेल्या बंधाच्याच जातीचा असतो. भीती वाटली की जवळ धाव घ्यायची, आणि जवळ कोणी आहे हे कळलं की निर्धास्त होऊन आपल्या कामाला लागायचं.

आता मेख कुठे आहे ते बघा. पोरगा येतो आणि म्हणतो, "मॅडम, तिच्याबिगर करमत नाही, जेवण जात नाही, झोप लागत नाही मले. मंग हे प्रेमच ना?" त्याचा समज असा की जीव जितका कासावीस, तितकं प्रेम खरं. पण कासाविशी जिव्हाळ्यातही असते, आणि थोडीथोडकी नसते.

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस घ्या. शेताची लाइन रात्रीची. नवरा मोटर सुरू करायला गेला, मोबाईल लागत नाही. मोटरीचा करंट, रानडुकरं, पांढरकवड्याकडे तर वाघाचंही भय. बायको रात्री तीनपर्यंत जागी. त्याच गावात एक पोरगा रेंजसाठी माडीवर चढलेला. नऊ वाजता पाठवलेल्या मेसेजला दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. तोही तीनपर्यंत जागा. दोघांची छाती सारखीच धडधडते, पोटात सारखाच गोळा येतो. बाहेरून पाहणाऱ्याला फरक सापडणार नाही.

फरक त्यांच्या मनात घोळणाऱ्या प्रश्नात आहे. तिचा प्रश्न: तो बरा असेल ना? त्याचा प्रश्न: तिला मी आवडत असेन ना? पहिल्या प्रश्नात समोरचं माणूस आहे. दुसऱ्यात आपणच आहोत, समोरच्याकडे फक्त निकाल द्यायचं काम आहे. मी अशा पोरांना एवढंच विचारते की तिला ताप आला असेल, उद्या पेपर असेल, फोन भावाच्या हातात असेल, असं तुझ्या मनात आलं का? बहुतेक जण गप्प होतात. रात्रभर तिचाच विचार केला, आणि त्यात ती कुठेच नव्हती.

दुसरी खूण म्हणजे उत्तर मिळाल्यावर काय होतं. फाट्यावरून गाडीचा आवाज आला की ती उठते, दार उघडते, चिडते, "फोन काहून नाही उचलला हो? जीव टांगणीले लागला ना माहा!" आणि पाच मिनिटांत झोपते. विषय संपला. पोराला सकाळी सात वाजता उत्तर येतं, "झोपली होती रे." आठपर्यंत तो हवेत. दहा वाजता मित्राला विचारतो, "बे, नुसतं 'रे' काहून लिहिलं असंन?" दुपारी तोच मेसेज पुन्हा उघडून बघतो, आणि रात्री परत माडीवर. जिव्हाळ्याची काळजी दिलाशानं मिटते. ध्यासाला दिलासा पुरत नाही, तास-दोन तासांत त्याला नवा लागतो.

असं का होतं? ध्यास अनिश्चितीवर वाढतो म्हणून. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात ४७ विद्यार्थिनींवर केलेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांना सांगितलं की काही मुलांनी तुमचं फेसबुक प्रोफाइल पाहिलं आहे. एका गटाला सांगितलं, या मुलांना तुम्ही खूप आवडलात. दुसऱ्याला सांगितलं, ठीकठाक आवडलात. तिसऱ्याला सांगितलं, यांना तुम्ही खूप आवडला असाल किंवा ठीकठाकच, ते नक्की नाही. सगळ्यांत जास्त ओढ तिसऱ्या गटाला वाटली, आणि त्या मुलांचा विचारही त्याच गटानं जास्त केला. सट्टापट्टी लावणारा रोज हरूनही ती सोडत नाही, कारण मधूनच कधीतरी आकडा लागतो. दोन दिवस गप्प राहून तिसऱ्या दिवशी गोड बोलणारं माणूस आपल्यासाठीच बनलंय असं वाटणं, हा तोच प्रकार.

टेनोव्ह यांनी ध्यास संपायच्या वाटा तीनच सांगितल्या: समोरून खरोखरचा होकार मिळून नातं सुरू होणं, आशेचा शेवटचा धागाही तुटणं, किंवा मन दुसऱ्याच कोणावर जाणं. म्हणून 'पाहू', 'सध्या नको' ही उत्तरं ध्यासाला खतपाणी घालतात. पण आपल्या खेड्यात पोरीनं तोंडावर 'नाही' म्हणणं सोपं नसतं. घरी कळलं तर पहिलं काय होईल? तिचं कॉलेज बंद होईल. तेव्हा समजून घ्यायची जबाबदारी पोरांची. तिचं गप्प राहणं हाही नकारच आहे. "मांगं लागलं की मानते" हे पिक्चरनं शिकवलेलं शहाणपण मला भयंकर खटकतं. नको आहे हे स्पष्ट दिसत असताना पुन्हा पुन्हा मागे जाणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि त्याला प्रेमाचा पुरावा समजणारे पोट्टे माझ्याच वर्गात बसतात.

आईबापांची समजूत वेगळी: विरोध केला की पोरं जास्त पेटतात. ही समजूत १९७२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासातून पसरली. २०१४ साली तो पुन्हा तपासला तेव्हा तसं काही सापडलं नाही, उलट घरच्यांची नापसंती असली की नातं कमकुवतच होताना दिसलं. तरीही फोन हिसकावून घेणं मला मूर्खपणाचं वाटतं. फोन गेला की निरोप कधी येईल, येईल की नाही, हेच कळेनासं होतं, आणि अनिश्चिती ध्यासाला काय करते ते वर लिहिलंच आहे.

ही गल्लत सगळ्यांत महागात पडते ती मात्र लग्न जमलेल्यांना. साक्षगंध झालं, लग्न वैशाखात. मधले महिने फोनवर रात्र रात्र बोलणं. परकं घर, अनोळखी माणूस, त्याला आपण पसंत आहोत की फक्त आपलं घराणं, सगळंच अधांतरी, त्यामुळे ध्यासाला मोकळं रान. मग मांडव उतरतो, माणूस रोज समोर येतो, शंका फिटतात आणि धडधड थांबते. दिवाळीला माहेरी आलेली पोरगी सांगते, "आता पहिल्यासारखं प्रेम नाही राह्यलं." बऱ्याचदा गेलेला असतो तो ध्यास. बियांका असेव्हेडो आणि आर्थर ॲरन यांनी २००९ साली २५ अभ्यास एकत्र करून पाहिले. उत्कट प्रेम आणि त्याला चिकटलेला ध्यास त्यांनी वेगवेगळे मोजले. ध्यास वगळून उरणारं प्रेम नव्या आणि जुन्या, दोन्ही नात्यांत समाधानाशी घट्ट जोडलेलं निघालं. ध्यास नव्या नात्यात समाधानाच्या बाजूनं होता, जुन्या नात्यात विरुद्ध बाजूला. म्हणजे धडधड थांबली म्हणून ओढ, शरीरसुख, एकमेकांत रस हे सगळं आटतं, असं मुळीच नाही.

पण 'बऱ्याचदा' म्हटलं, 'नेहमी' नाही. काही घरांत ध्यास जातो आणि त्याच्या जागी काहीच येत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या साध्या बोलण्यावर लक्ष ठेवलं होतं. सहा वर्षांनी एकत्र असलेल्या जोडप्यांत एकानं घातलेल्या सादेला दुसऱ्यानं शंभरातून ८६ वेळा प्रतिसाद दिलेला होता. विभक्त झालेल्यांत ३३ वेळा. साद म्हणजे फार काही नाही. "आज कापसाले काय भाव निघाला?" एवढंच. तिनं हे विचारल्यावर तो मोबाईलमधून मान वर काढतो का? माहेरचा विषय निघाला की ऐकतो का? तो थकून घरी आला की तीही त्याच्याकडे पाहते का? मान वर होत असेल तर फोनवरच्या रात्री गेल्या म्हणून रडायचं कारण नाही. होतच नसेल तर पोरीची तक्रार खरी आहे, आणि तेव्हा "लग्न झाल्यावर असंच असते वं बाई" म्हणत तिला गप्प करणाऱ्या मावश्या-आत्यांचा मला माडीवरच्या त्या पोरापेक्षा जास्त राग येतो.