तथ्य, मूल्य आणि धोरण : विधानांतील भेद

लिखित मजकुरातील एखादे विधान वस्तुस्थिती सांगते, तिची बरी-वाईट पारख करते, की काय करावे ते सुचवते, हे ओळखण्याची विवेचनपद्धती. या तीन प्रकारांना अनुक्रमे तथ्यविधान, मूल्यविधान आणि धोरणविधान म्हणतात. तथ्यविधान म्हणजे खरे विधान, असा समज सर्रास आढळतो, पण तो बरोबर नाही. ‘पुणे मुंबईच्या उत्तरेला आहे’ हे तथ्यविधानच आहे. फक्त ते खोटे आहे. विधानाचा प्रकार त्याच्या खरेपणावरून ठरत नाही, तर ते तपासायला काय लागेल यावरून ठरतो. तथ्यविधानाला पुरावा लागतो, मूल्यविधानाला निकष लागतो, आणि धोरणविधानाला या दोहोंखेरीज सुचवलेला उपाय लागू पडेल का, तो झेपेल का, आणि त्यापायी दुसरे काही बिघडेल का, या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. भाकिते आणि कार्यकारणाचे दावेही तथ्यविधानांतच मोडतात.

मराठीत या कामी व्याकरणाची थोडीफार मदत होते. क्रियापदाच्या रूपावरून स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानले जातात. त्यांपैकी विध्यर्थाची ‘करावे’, ‘द्यावी’ अशी रूपे किंवा ‘पाहिजे’, ‘नये’ हे शब्द आले की पुढे धोरण आहे, अशी अटकळ बांधता येते. मात्र एवढ्यावर विसंबता येत नाही. ‘गाडी एव्हाना पोचली असावी’ या वाक्यातला विध्यर्थ निव्वळ तर्क सांगतो. उलट ‘ही इमारत राहण्यास योग्य नाही’ हे स्वार्थातले, म्हणजे नुसती वस्तुस्थिती सांगणाऱ्या क्रियारूपाचे, साधे वाक्य नोटिशीत आले, की रहिवासी बिऱ्हाड हलवण्याच्या तयारीला लागतात. मूल्य तर बहुधा क्रियापदात नसतेच, ते एखाद्या शब्दात दडलेले असते. ‘नगरपालिकेने रोषणाईवर चार लाख रुपये खर्च केले’ आणि ‘नगरपालिकेने रोषणाईवर चार लाख रुपये उधळले’ या दोन वाक्यांतला आकडा एकाच हिशेबवहीतून तपासता येईल; ‘उधळले’ हा शब्द मात्र कोणत्याही हिशेबवहीत सापडणार नाही.

या विचाराची मुळे जुनी आहेत. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वाचे न्यायसभेतले, स्तुतिनिंदेचे आणि विचारविनिमयाचे असे तीन प्रकार केले. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक वक्तृत्वशास्त्रज्ञ हर्मागोरसने वादाचा नेमका मुद्दा कोठे अडला आहे ते शोधण्याची रीत घालून दिली : गोष्ट घडली का, तिला काय म्हणायचे, ती समर्थनीय होती का, आणि तिचा निवाडा करण्याचा अधिकार कोणाचा. ‘आहे’ अशा विधानांवरून ‘असले पाहिजे’ अशा विधानांवर लेखक नकळत कसे घसरतात, याकडे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1739–40 मध्ये लक्ष वेधले. भारतीय परंपरेत पूर्वमीमांसकांनी, म्हणजे वेदातील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या अनुयायांनी, वेदवाक्यांची केलेली विभागणी याच्या जवळ जाते. काय करावे ते सांगणारा तो विधी, आणि त्याची स्तुती किंवा निषिद्धाची निंदा करणारा तो अर्थवाद. ‘अग्नी हे थंडीवरचे औषध’ असे इतर प्रमाणांनी आधीच ठाऊक असलेले सांगणाऱ्या वाक्याला ते अनुवाद म्हणत, आणि अशा वाक्याचा अर्थही विधीशी जोडूनच लावत. हे साम्य फार ताणू नये, कारण वैदिक विधी हा चर्चेला ठेवलेला प्रस्ताव नव्हे.

तिन्ही प्रकारांची गुंतागुंत कशी होते ते 1891 च्या संमतिवयाच्या वादात स्वच्छ दिसते. भारतीय दंडसंहितेनुसार विवाहित मुलीचेही संमतिवय, म्हणजे ज्याखाली तिच्याशी केलेला शरीरसंबंध बलात्कार ठरे ते वय, 10 वर्षे होते. 1889 मध्ये कलकत्त्यात फुलमणी या अल्पवयीन विवाहितेचा मृत्यू झाला, पण तिचे वय 10 च्या वर असल्याने पतीवर बलात्काराचा आरोप टिकला नाही. पुढे ही मर्यादा 12 वर नेणारे विधेयक आले आणि मराठी वृत्तपत्रांत रण पेटले. गर्भाधानसंस्कार, म्हणजे पतिपत्नींच्या पहिल्या समागमाचा विधी, मुलीच्या प्रथम ऋतुदर्शनानंतर (पहिल्या मासिक पाळीनंतर) लगेच केलाच पाहिजे असे शास्त्र सांगते का, हा त्या वादातला एक प्रश्न होता. शब्द धर्माचे असले तरी हा प्रश्न तथ्याचा आहे, कारण तो ग्रंथ उघडूनच सुटू शकतो, संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनी नेमके तेच करून संस्कार लांबवता येतो असे प्रतिपादन केले आणि टिळकांनी त्यांच्याशी वाद घातला. शास्त्र काहीही म्हणो, ते आपल्यावर बंधनकारक का मानावे, हा प्रश्न मूल्याचा, आणि आगरकरांचा खरा रोख त्यावर होता. परक्या सरकारने कायदा करून समाजसुधारणा करावी का, हा तिसरा प्रश्न धोरणाचा, आणि टिळकांचा कडवा विरोध मुख्यतः येथे होता. 1890 मध्ये त्यांनीच मुलींचे लग्न 16 आणि मुलांचे 20 वर्षांपूर्वी करू नये, असा स्वेच्छेने पाळायचा नियम सुधारकांपुढे ठेवला होता. टिळकांना बालविवाह प्रिय होता, असा निष्कर्ष त्यांच्या कायदाविरोधावरून काढणारा वाचक धोरणविधानाला मूल्यविधान समजतो. अर्थात, कायद्याला विरोध करून त्या घडीला मुलींच्या पदरात काय पडले, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. विधेयक मार्च 1891 मध्ये संमत झाले.

काही विधाने कोणत्याच एका खान्यात बसत नाहीत. 2011–12 साली देशातील 21.9 टक्के लोक दरिद्री होते, असा सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेला नियोजन आयोगाचा अंदाज आहे. त्याच वर्षासाठी रंगराजन समितीने 29.5 टक्के हा आकडा दिला. दोन्ही आकडे नमुना पाहणीतून निघालेले आहेत आणि त्यांची बेरीज-वजाबाकी कोणालाही तपासता येते. फरक काही अंशी मोजणीच्या पद्धतीचा आहे. पण पहिल्या हिशेबात ग्रामीण भागात दरमहा दरडोई 816 रुपये खर्च, आणि दुसऱ्यात 972 रुपये ही दारिद्र्यरेषा धरली आहे. माणसाला जगायला किमान काय लागते याचा निवाडा ती रेषा आखतानाच होऊन गेलेला असतो, आणि टक्केवारी छापून येते तेव्हा तो निवाडा कोठेही लिहिलेला दिसत नाही.