पल्ला वाढला, अंतर नाही: शिकारी काडतुसांची पार्श्वभूमी

काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररीच्या ओळीत आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे. लंडनच्या याच नावाच्या सोसायटीने मुंबईत दुकान उघडलं ते १८९१ साली. कपबशीपासून खोगिरापर्यंत सगळं विकणाऱ्या या दुकानात रायफली आणि काडतुसंही मिळत. त्याच सुमारास ब्रिटिश लष्कर .३०३ इंच मापाच्या काडतुसात काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट ही धूरविरहित दारू भरू लागलं होतं. पुढच्या पंधराएक वर्षांत शिकारी काडतुसांचा सगळा बाजार पालटला आणि गोळीचा पल्ला कितीतरी वाढला. जनावरावर बार टाकायचं जबाबदार अंतर मात्र त्या मानाने फारसं हललं नाही. ते अंतर काडतुसाने कधी ठरवलंच नव्हतं. गोळी चुकीच्या जागी बसली तर जखमी जनावर शोधून त्याचा शेवट करता येईल का, यावर ते ठरत आलं आहे.

ठासणीच्या बंदुकीचा हिशेब सोपा होता. नळी आतून गुळगुळीत, शिशाची गोल गोळी नळीपेक्षा जराशी लहान, म्हणून बाहेर पडताना ती कुठल्या बाजूला टेकून निघेल याचा नेम नाही. पन्नास यार्डांपुढे बार टाकणं म्हणजे नशिबावर हवाला. पहिल्या बाराचा धूर डोळ्यांसमोर पसरायचा आणि दारू, गोळी, गज, ठिणगी देणारी टोपी हे सगळे सोपस्कार होईपर्यंत जनावर गेलेलं असायचं. म्हणून जवळ जाणं हीच कला होती. रानातला माग, वाऱ्याची दिशा, पाणवठ्याची वाट यांची जाण नेमाच्या आधी येई.

काडतूस म्हटलं की आपल्याकडे १८५७ आठवतं. ते एन्फिल्डचं कागदी काडतूस होतं: दारू आणि गोळी एका पुडीत, पुडी दातांनी फोडायची आणि नळीत ओतायची. पितळेचं, तळाशी टोपी बसवलेलं काडतूस १८६० च्या दशकात स्नायडर रायफलीबरोबर आलं. मागून भरायची सोय झाली आणि ठासणं संपलं. १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीत ८५ ग्रेन (साडेपाच ग्रॅम) काळी दारू ४८० ग्रेनची (३१ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे ४१० मीटर वेगाने फेकत असे. गोळी वजनदार, पण वाट कमानीसारखी. अंतराचा अंदाज वीस-तीस यार्डांनी चुकला की गोळी पोटाखालून तरी जाई किंवा पाठीवरून तरी.

यावर इंग्रज बंदूककारांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘एक्स्प्रेस’ रायफल. पर्डीने १८५६ साली आपल्या रायफलीला ‘एक्स्प्रेस ट्रेन’ म्हटलं, तेव्हापासून हे नाव रुजलं. गोळी हलकी करायची, बहुधा टोकाला पोकळी ठेवायची आणि दारू जास्त भरायची. वेग सेकंदाला साडेपाचशे-सहाशे मीटरपर्यंत जाई, त्यामुळे दीडशे यार्डांपर्यंत नेमाची पट्टी न बदलता सरळ नेम धरता येई. चितळासारख्या पातळ अंगाच्या जनावरावर हे उत्तम चाले. सांबराच्या खांद्यावर किंवा गव्यावर मात्र हीच पोकळ गोळी हाडाला आपटून वरच्यावर फुटायची. जखम भयानक दिसे पण खोल जात नसे, आणि जनावर निघून जाई. वेग वाढला की गोळीची बांधणीही मजबूत करावी लागते, हा धडा पुढची शंभर वर्षं शिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा गिरवला.

धूरविरहित दारू फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने १८८४ साली बनवली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीत ती आली. ब्रिटिशांचं कॉर्डाइट त्यामागोमाग. फरक किती पडला हे एका तुलनेत दिसतं. रिग्बी या बंदूककाराने १८९८ साली .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे धूरविरहित दारूचं काडतूस आणलं. गोळी मार्टिनीएवढीच, ४८० ग्रेन. दारू उलट कमी, ७० ग्रेन कॉर्डाइट. वेग मात्र सेकंदाला ६५५ मीटर. मार्टिनीच्या गोळीची ऊर्जा साधारण २,६०० ज्यूल भरते, या गोळीची जवळजवळ ६,७०० ज्यूल. धूर जवळपास नाही, त्यामुळे दुनळीचा दुसरा बार लगेच, समोर बघत टाकता येई. गवा किंवा वाघ अंगावर आला तर हा दुसरा बारच माणसाला वाचवी.

इथल्या हवेने एक नवी डोकेदुखी दिली. कॉर्डाइट तापलं की नळीतला दाब वाढतो. मेच्या उन्हात तासभर पडलेल्या काडतुसाचं पितळ बार होताच फुगून नळीला चिकटतं, आणि दुनळी उघडत नाही ती नेमकी नको त्या क्षणी. म्हणून बंदूककारांनी हिंदुस्थानसाठी दारू थोडी कमी भरलेली काडतुसं काढली. मोठ्या बोअरच्या (म्हणजे नळीच्या मापाच्या) नायट्रो काडतुसांचे ऐसपैस कोष आणि बेताचा दाब यांचं एक मोठं कारण हेच आहे. जुन्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर मागे राहणारा क्षार मिठासारखा हवेतला ओलावा ओढून घेतो. मुंबईच्या पावसाळ्यात अशी नळी रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी आत तांबूस थर दिसतो. त्यावर तेल चोळून काही होत नाही, कारण तेलात हा क्षार विरघळत नाही. आधी उकळतं पाणी ओतायचं, नळी कोरडी पुसायची आणि मग तेल.

१९०७ च्या सुमारास सरकारने .४५० बोअरच्या काडतुसांची हिंदुस्थानात आयात बंद केली. मार्टिनी-हेन्रीही त्याच मापाची, आणि बंडखोरांच्या हातात तिला गोळ्या मिळू नयेत हा हेतू. लंडनच्या बंदूककारांनी काय करावं? माप केसभर वाढवलं. .४६५, .४७०, .४७५ अशी काडतुसं बाजारात आली, ताकदीला जुन्या .४५० सारखीच. बंडखोरांना त्याने किती आळा बसला कोण जाणे, पण काडतुसांच्या यादीत आज दिसणारा हा विचित्र गोतावळा त्या हुकमातून जन्मला आहे. ‘लष्करी मापाचं हत्यार नागरिकाला नाही’ हे सूत्र स्वातंत्र्यानंतरही टिकलं. मुंबईकराने पोलिसाच्या खांद्यावर वर्षानुवर्षं पाहिलेली थ्री-नॉट-थ्री परवानाधारकाला वर्ज्य. त्याच्या वाट्याला .३१५ येते, म्हणजे मूळचं ऑस्ट्रियन ८ मि.मी. मानलिकर काडतूस.

या मापांपेक्षा महत्त्वाचं वळण गोळीच्या टोकात आलं. .३०३ ची सुरुवातीची गोळी पूर्ण कवचाची, म्हणजे टोकापर्यंत शिसं धातूने झाकलेली होती आणि अंगातून सुईसारखी आरपार जाई. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर सैनिकांची तक्रार होती की माणूस गोळी लागूनही थांबत नाही. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात मग टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी बनली, जी अंगात शिरल्यावर पसरते. १८९९ च्या हेग परिषदेत पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं ठरलं. शिकारीत नियम बरोबर उलटा. कवचबंद गोळी हरणाच्या फुप्फुसातून बारीक भोक पाडून निघून जाते आणि हरीण कोसभर धावून झुडपात मरतं. म्हणून इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्यात पसरणारी गोळी सक्तीची आहे, शिवाय किमान .२४० इंच माप आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पाउंड ऊर्जा. जर्मनीत ‘रो’ या लहान हरणासाठी १०० मीटरवर किमान १,००० ज्यूल, त्याहून मोठ्या जनावरांसाठी ६.५ मि.मी. माप आणि २,००० ज्यूल.

हे आकडे किमान ताकदीचे आहेत. किती अंतरावरून बार टाकावा, हे त्यांच्यावरून ठरत नाही.

अंतराचं गणित .३०-०६ वर मांडू. हे काडतूस १९०६ चं आणि आजही जगभर चालतं. १८० ग्रेनची (११.७ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते. रायफल २०० मीटरवर जुळवली, म्हणजे तिथे गोळी नेमावरच बसेल अशी लावली, तर ३०० मीटरवर गोळी सुमारे २५ सेंटिमीटर खाली बसते आणि ४०० वर सुमारे ७०. अंतर नक्की कळलं तर हे भरून काढता येतं, आणि १९९० च्या दशकात आलेल्या अंतर मोजणाऱ्या लेझर यंत्रांनी तो प्रश्न बराच सोडवला. वाऱ्याचा प्रश्न मात्र सुटत नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ३०० मीटरवर गोळी साधारण २० सेंटिमीटर ढकलतो, ४०० वर ३५. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा सगळी मिळून वीसेक सेंटिमीटरची. शिकारी उभा आहे तिथला वारा आणि दरीच्या मधला वारा यांत एवढा फरक सहज असतो, आणि तो यंत्रात दिसत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. ४०० मीटर जायला या गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. चाप ओढताना स्थिर असलेलं जनावर तेवढ्यात एक पाऊल पुढे टाकतं आणि खांद्यामागे धरलेला नेम पोटात बसतो. यात नेमबाजाची चूक काहीच नसते, म्हणून सरावानेही ती सुधारत नाही. तिसरी गोष्ट गोळीच्या पसरण्याची. साध्या मऊ टोकाच्या बहुतेक गोळ्या सेकंदाला साधारण साडेपाचशे मीटरच्या खाली नीट पसरत नाहीत. त्या वेगाच्या खाली गेलं की अद्ययावत काडतूसही १८९५ च्या सैनिकाच्या तक्रारीपाशी येऊन थांबतं.

उरला माणूस. वरळीच्या रेंजवर जॅकेट घालून, पट्टा आवळून, श्वास धरून कागदावर होणारा नेम रानात होत नाही. चढ चढून धाप लागलेली असते, टेकायला धड जागा नसते. बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून १०० मीटरवर १० सेंटिमीटरच्या वर्तुळात पाचही गोळ्या बसवणारा माणूस चांगला नेमबाज म्हणावा. त्याचंच वर्तुळ २०० मीटरवर २० सेंटिमीटरचं होतं. त्याची हद्द तिथे संपली, हातात कुठलंही काडतूस असो. परदेशात अलीकडे सहाशे-आठशे मीटरवरून हरीण पाडण्याची टूम आहे. त्यात कौशल्य आहे, पण फसलेल्या बारांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

जुन्या शिकाऱ्यांनी हे सूत्रात मांडलं नसेल, पण पाळलं. मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्यात होते. १८८६ पासून निघणाऱ्या तिच्या जर्नलमध्ये पक्षी-सापांच्या नोंदींबरोबर शिकारीच्या नोंदीही येत. त्या काळची इथली पद्धत जवळची होती: मचाणावरून वीस-चाळीस यार्ड, हाक्यात (माणसं रान उठवून जनावर पुढे हाकलतात तेव्हा) त्याहून थोडं जास्त, आणि चितळ-काळवीटावर दबकत जाऊन शंभर-दीडशे. कारण उघड होतं. जखमी वाघ किंवा गवा सोडून घरी जायचं नाही, आणि त्याच्या मागे गवतात शिरायचं ते स्वतः, पायी.

माग काढताना रक्त वाचावं लागतं. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे गोळी फुप्फुसात, जनावर जवळच पडलेलं असतं. गडद तांबडं, जाडसर रक्त यकृताचं, तासभर तरी थांबावं. हिरवट, घाण वास येणारा द्रव दिसला तर पोट फुटलं आहे. लगेच मागे गेलं तर जनावर उठून दूर जातं, म्हणून कित्येक तास थांबावं लागतं. पांढरे केस आणि थोडंसं रक्त हे बहुधा पोटाखालून निसटलेल्या गोळीचं लक्षण. बार टाकला ती आणि जनावर उभं होतं ती, या दोन्ही जागांवर खूण करणं हे पहिलं काम. तीनशे मीटरवरून नेमकं हेच जमत नाही, कारण पलीकडच्या उतारावर सगळी झुडपं सारखी दिसतात.

कायद्यात हे सगळं उशिरा आलं. १९१२ चा केंद्राचा कायदा आणि १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा हे आधीचे टप्पे. वाघाच्या शिकारीवर १९७० साली देशभर बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार परवान्याने चालू होती, पण कलम १७ मध्ये पद्धतीवर बंधनं होती: वाहनातून गोळी झाडायची नाही, सूर्यास्त ते सूर्योदय बार नाही, कृत्रिम दिवा नाही, पाणवठ्यावर किंवा चाटणीवर (जनावरं मीठ चाटायला येतात त्या जागी) नाही, मोठ्या जनावरावर रायफलच, छऱ्याची बंदूक फक्त खास परवानगीने आणि एकसंध गोळी घालून. मीटरचा आकडा त्यात कुठे नाही. १९९१ च्या दुरुस्तीने हे कलम आणि परवाने दोन्ही गेले आणि हौशी शिकार संपली.

आता उरलं ते कलम ११ खालचं काम: माणसाला धोका झालेलं किंवा पिकाची नासाडी करणारं जनावर, तेही अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने. महाराष्ट्रात हे बहुधा रानडुकराच्या बाबतीत येतं. हातात असते .३१५, उघड्या पट्टीची. २४४ ग्रेनची बोथट गोळी, वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर. १०० मीटरवर जुळवली तर २०० वर ती फूटभराहून जास्त खाली बसते, म्हणून शंभराच्या आत राहावं. जुन्या नराच्या खांद्यावर चिवट कातडीची जाड ढाल असते आणि हृदय वाटतं त्यापेक्षा खाली, पुढच्या कोपरामागे असतं. हरणासारखा अंगाच्या मध्यावर, जरा मागे नेम धरला तर गोळी आतड्यात जाते, आणि जखमी डुक्कर उसात शिरलं की सकाळपर्यंत तिकडे फिरकू नये.